मांडी आज बंद

डॉक्टरबाईंनी पोटावरच्या जुन्या टाक्यांच्या डाव्या टोकाला बोट टेकवलं आणि शिवणवालीने तपासणीच्या टेबलाची कड घट्ट धरली.

“इथेच?”

“तिथेच. पाळी आली की सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होते. पाळी गेली की पुन्हा गरीब गाय.”

“मी सांगून थकले, दिवसभर मशीनवर वाकतेस म्हणून दुखतं,” सासूबाई म्हणाल्या. “त्या दिवसांत हिच्याजवळ फिरकायची सोय नाही हो. पोरगी मांडीवर आली की हाकलते.”

“हाकलत नाही, आजी. ‘मांडी आज बंद’ म्हणते,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून टिल्लीने दुरुस्ती केली.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पुन्हा उजेडात धरली. “शिलाई मशीनचा काही दोष नाही. सिझेरियनच्या वेळी कधीकधी गर्भाशयाच्या अस्तराचे कण जखमेत राहतात आणि तिथेच रुजतात. मग दर पाळीला तेही सुजतात, दुखतात. घाबरू नका. छोटं ऑपरेशन करून गाठ काढून टाकू.”

“म्हणजे खरंच काहीतरी होतं,” शिवणवाली पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले.

सासूबाई पुढे झाल्या. टाक्यांवर रुतलेली तिच्या परकराची नाडी त्यांनी सोडली, वर सरकवली, सैल बांधली.

टिल्लीचे हलणारे पाय थांबले होते.

“सिझेरियन म्हणजे मी आले ते ना?”

“हो गं.”

“मग ते कण माझ्यामुळे सांडले?”

सासूबाईंनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई उगाचच हातमोजे काढत राहिल्या.

शिवणवाली कोपरावर भार देत उठून बसली. “टिल्ले, मी तुझ्या फ्रॉकचं कापड कापते तेव्हा काय उडतं?”

“धागे. बारीकबारीक. तुझ्या केसांतपण असतात.”

“मग ते चिकटले, तर फ्रॉकचं काही चुकलं का?”

टिल्लीने आपल्या फ्रॉककडे पाहिलं. बराच विचार केला. ‘नाही’ अशी मान हलवली. मग स्टुलावरून उतरून ती टेबलापाशी आली आणि हात मागे बांधून उभी राहिली.

“आज बंदच असेल ना?”

“डावीकडून बंद आहे,” शिवणवाली म्हणाली. “उजवीकडून ये.”

टिल्ली पायरीवर चढली, उजव्या मांडीच्या अगदी कडेला टेकली, आणि आपलं वजन लागू नये म्हणून तिने श्वास रोखून धरला.