रेशनकार्डावरचं नाव

लापशी शिजली, चुलीत निखारेही चांगले फुलले, पण हाक मारायला माणूसच नव्हता.

दिवाळीच्या अमावास्येला बंजाऱ्यांच्या तांड्यात घरोघरी निखाऱ्यावर लापशी-तुपाचा घास टाकतात आणि गेलेल्या माणसाला नावानं हाक मारतात. हंसाबाईचा नवरा जाऊन आठ महिने झालेले, ही त्याची पहिलीच दिवाळी. आणि नवऱ्याचं नाव तर बाईनं चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही ओठांवर आणलं नव्हतं. पोरगा जीवन यायचा होता, तर त्याचा कोळशाचा ट्रक नेमका वणीच्या पुढे बंद पडला. फोनवरून हाक मार म्हणावं, तर चुलीपाशी रेंज नाही. शेजारीपाजारी आपापल्या चुलीशी गुंतलेले. माणूस दारापर्यंत येऊन उपाशी परतणार, या विचारानं तिचा जीव खालीवर होत होता.

तेवढ्यात नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली प्रियंका सर्वेक्षणाचा कागद घेऊन दारात आली. पोरगी कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती.

“मावशी, दहा घरं करायची होती, तुमचं शेवटचं. धर्म म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा.”

“सणाच्या दिवशी हे इचारून राह्यली तू मले?” हंसाबाईला हसू आलं. “पुढचं पूस.”

“तुम्ही एकच देव मानता, अनेक मानता, निसर्ग मानता, का काहीच मानत नाही? चार रकाने आहेत, एकावर खूण करायची.”

“आमी सेवालाल महाराज मानतो, देवी मानतो, चूलबी मानतो. कुठं बसते पाय.”

प्रियंकानं पेन तसंच धरून ठेवलं. “राहू द्या. घरमालकाचं नाव सांगा.”

हंसाबाईनं तोंडाला पदर लावला आणि फळीवरचं जुनं रेशनकार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

“नेमसिंग हरलाल राठोड,” प्रियंकानं वाचलं.

घरात हे नाव किती दिवसांनी ऐकू आलं. हंसाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लगबगीनं तिनं लापशीचा घास हातात घेतला. “पोरी, आणखी एकदा वाच. जरा मोठ्यानं.”

प्रियंकानं चुलीकडे पाहिलं, त्या घासाकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं.

“मावशी, आमच्यात हे करत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून बंद आहे.”

“मालूम हाय मले. तू काही मानू नको, काही करू नको. घास मीच टाकीन. तू नुसता फारम भर.”

 प्रियंकानं कागद खाली ठेवला, दाराकडे तोंड केलं आणि वावरातल्या माणसाला घालावी तशी साद घातली, “नेमसिंगबाबा, जेवाले या.”

हंसाबाईनं घास टाकला. तूप भडकलं, घरभर गुळाचा वास सुटला. बाईनं डोळे पुसले, ताटलीत लापशी वाढून पोरीपुढे ठेवली आणि तिच्यासमोर बसली. पोरगी जेवत होती. चारही रकाने कोरेच होते.

“तुह्या आजोबाचं नाव काय होतं, पोरी?”

“पुंडलिक. काहून, मावशी?”

“मी तिकडं गेल्यावर हे पुसतीन ना,” हंसाबाई म्हणाली, “कोणाच्या नातीनं हाक मारली म्हणून.”