वजन उचलायचं नाही

"ऑपरेशन करा, नाहीतर थांबून पाहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलीय. पुष्कळांचं आपोआप ओसरतं. पण काहीही ठरवलंत तरी अट एकच. वजन उचलायचं नाही."

तिला हसूच आलं. तिचं वजन घरी खाटेवर पडून होतं.

नवरा हमाल. लोखंडी कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचा. गल्ली त्याला हत्ती म्हणायची. अर्धांगवायूनं हत्तीला लोळवलं, तेव्हापासून खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात तीच त्याला अंगावर घेऊन न्यायची. कमरेतून निघालेली कळ थेट टाचेपर्यंत जायची. ती ओठ आवळून घ्यायची.

स्वयंपाकघरात तिनं बहिणीला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"भावजींना थोडे दिवस कुठंतरी ठेव आणि ऑपरेशन करून मोकळी हो," बहीण म्हणाली.

"छे गं! दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. मी आपली थांबून पाहते."

मधली भिंत नावालाच होती.

पुढे पुढे तो अर्ध्या जेवणातच तोंड फिरवू लागला. "अहो, चार घास तरी खा," ती कधी रागवायची, कधी लाडीगोडी लावायची. "पडून राहणाऱ्याला कसली आलीय भूक?" म्हणत तो हसण्यावारी न्यायचा.

इकडे तिची कळ खरंच ओसरत गेली. हिवाळा सरेपर्यंत ती ताठ उभी राहू लागली. बहिणीला तिनं ऐकवलंसुद्धा, "बघ, थांबले तेच बरं झालं."

डॉक्टरीणबाईंनी नवा एमआरआय उजेडात धरला. "चकती तर अजून तशीच सरकलेली आहे. वजन उचलणं सोडलंत, म्हणून आराम पडला. शहाण्या आहात."

ती तडक घरी निघाली. वाटेत कुठं थांबलीही नाही.

घरी येताच तिनं त्याच्या काखांत हात घातले. रोजच उचलत होती, म्हणून कळलं नव्हतं. आज बोटांना बरगडी न् बरगडी लागली. तो लहान पोरासारखा अलगद वर आला. त्याला तसंच धरून ती जागच्या जागी उभी राहिली.

त्यानं तिच्या खांद्यावर मान टाकली आणि जड जिभेनं विचारलं, "आता झेपतो ना गं मी तुला?"