भाकरतुकडा

लग्नात वरात हवी, एवढी एकच हौस निकिताने बोलून दाखवली होती. "घोड्यावर बसून मिरवायला मी काय जोकर आहे?" म्हणत हर्षलने ती निकालात काढली आणि कोर्टात सह्या करून मोकळा झाला. हनिमूनला मात्र त्याने दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून घोडेस्वारीचं पॅकेज घेतलं. गळ्यात दुर्बीण अडकवून तो सकाळपासून नाक मुरडत होता. वाइन भिकार, बिबट्याचा पत्ता नाही आणि माणसं तर नुसती गावंढळ! निकिता मागच्या घोड्यावरून ऐकत होती.

बागेपलीकडे लग्नाचा बँड वाजला, तशी हर्षलची घोडी लगाम न जुमानता तिकडे सुटली, बँडपुढे थयथय नाचली आणि थेट मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. हर्षल आयाळ धरून ओरडत होता. वऱ्हाड पोट धरून हसत होतं.

"साहेब, लग्नातली घोडी हाय ती," मागून धावत आलेला घोडेवाला सोमा म्हणाला. "वर बसलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळल्याबिगर नाय हलायची."

नवरीची आजी भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली. तिने हर्षलला खालून वर न्याहाळलं आणि मागोमाग पोचलेल्या निकिताला विचारलं, "पोरी, हे ध्यान तुझं कोण गं?"

हर्षलची हॅट कानावर आली होती, दुर्बीण पाठीवर. निकिताने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"कोणी नाही, आजी. घोडीबरोबर आलेत."