वायफायवरचा फुकट्या

विमा कंपनीने बाबांची बदली केली म्हणून आम्ही नागपूरहून जयपूरला आलो. महिनाभर दुपारी आमचं वायफाय नुसतं रांगत होतं. आज राउटरची सेटिंग्ज उघडली, तर एक अनोळखी लॅपटॉप जोडलेला दिसला. “समोरच्या घरातले भैयाच असणार,” मी चिडले. “मतलब, बिल आपण भरायचं आणि नेट त्यांनी वापरायचं?” “दे हाकलून फुकट्याला,” आई पोळ्या लाटत म्हणाली. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला चोवीस तासांसाठी पत्ता द्यायचा; त्याशिवाय नेट चालत नाही. ती मुदत मी एका मिनिटावर आणली, पत्ता एकच ठेवला, माझ्यापुरता, आणि राउटर बंद-चालू केला. फुकट्या उडाला! भैयांचा चेहरा बघायला मी गच्चीवर धावले. टाकीमागे ऑफिसच्या कपड्यांत बाबा बसले होते. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, शेजारी आईने सकाळी दिलेला डबा. “नेट गेलं गं,” ते म्हणाले, “नोकरीची मुलाखत चालू होती.”