आड येऊ नये म्हणून

महिला दिनाचे पाहुणे नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठीच्या मोर्चाला उदगीरला गेले आणि भाषण इतिहासाच्या उमादेवी मॅडमच्या गळ्यात पडलं. अहमदपूरहून दोन जीप बदलून गावात पोचेपर्यंतच त्या शिणून गेल्या. समोरच्या बायकाही काही भाषणाला आल्या नव्हत्या. यंदा उसाचं चिपाड झालं म्हणून तोडीवरून लवकर परतलेल्या त्या, रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन टँकरची वाट बघत होत्या.

त्यांना जरा जागं करावं म्हणून मॅडमनी ग्रीकांच्या दंतकथेतल्या ॲमेझॉन बायका काढल्या. घोड्यावर मांड ठोकणाऱ्या, भल्याभल्या योद्ध्यांना लोळवणाऱ्या.

"आणि धनुष्य ओढताना आड येऊ नये म्हणून त्या आपला एक स्तन जाळून टाकायच्या म्हणे!"

कॉलेजातल्या पोरी या वाक्याला दरवर्षी "अगं बाई!" म्हणून तोंडाला ओढणी लावायच्या. इथं कुणाची पापणीसुद्धा लवली नाही. आपलं बोलणं पालथ्या घड्यावर पाणी, असं वाटून मॅडम खाली बसल्या.

तेव्हा पुढं बसलेली तिशीतली धोंडाबाई म्हणाली, "आमीबी गर्भाची पिशवी काढून टाकलाव की, मॅडम. पाळी आली की तोडीवर खाडा पडायचा. समद्याजणी दवाखान्यात जाऊन आलाव."

घागर मांडीशी ओढून घेत तिनं विचारलं,

"आमाला मुकादम सांगितला. त्यायला कोण सांगितलं होतं?"