खारातली गोड माती

“प्रत्येक पिशवीवर ज्याचं त्याचं नाव,” साहेब बांधावर उभे राहून म्हणाले, “आणि उद्या सकाळी चावडीपुढं, सगळ्यांच्या देखत तपासणी.”

नाव म्हटलं आणि भागोजी सावध झाला.

तोवर तपासणीचं सगळं सुरळीत चाललं होतं. रेवसच्या खाडीकाठचं हे खार, बांध घालून खाडीपासून राखलेली भातशेती. दोन वर्षांपूर्वी बांधाला खांड पडलं, आणि तेव्हापासून दर उधाणाला खाडी शेतात शिरायची, जाताना मीठ ठेवून जायची. भात वीतभर वाढायचं आणि पिवळं पडायचं. सात घरांनी अर्जांवर अर्ज केले. अखेर एकतीस सालच्या वैशाखात सरकारनं हे साहेब धाडले. माती खारी ठरली तर सरकार बांध घालून देणार, नाहीतर नाही. आता ही माती खारी आहे हे गावातलं शेंबडं पोरही जिभेवर ठेवून सांगेल. पण साहेबांचा विश्वास जिभेवर नव्हता, बाटलीवर होता. शिवाय त्यांच्या पायांत पांढरे बूट होते. ते शेतात उतरलेच नाहीत. आपापल्या शेतातली माती भरायला सात पिशव्या सात जणांच्या हाती देऊन ते डाक बंगल्यावर जेवायला गेले.

भागोजीचा पोरगा धर्मा लग्नाचा होता. वरच्या गावचा, गोड्या जमिनीचा चांगदेव आपली पोर त्याला द्यायचं म्हणत होता. वरची माणसं खारात पोरी द्यायला एरवी नाकं मुरडतात. आणि चांगदेव बोलणी करायला नेमका उद्याच येणार होता. त्याच्यासमोर सरकार मोठ्यानं वाचणार, “भागोजी, खारी!” शेजारच्या बुधाजीचा पोरगाही लग्नाचाच होता आणि त्याचाही या पोरीवर डोळा होता. तो बुधाजी तर गालातल्या गालात हसेल.

भागोजीनं डोकं चालवलं. सातांतल्या सहा पिशव्या खाऱ्या निघाल्या की बांध झालाच. एक गोड निघाली म्हणून सरकार काय रुसणार आहे?

दुपारी गाव आडवं झालं, तेव्हा तो घमेलं घेऊन परसात बसला. खारातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माती गोड्या पाण्यात कालवायची, निवळू द्यायची, वरचं पाणी फेकायचं. पाऊस जे चार महिने करतो ते भागोजीनं पाच वेळा केलं. आवडाबाई, त्याची बायको, दारात येऊन बघत राहिली.

“अवो, माती धुऊन तिच्यात उरल काय?”

“नाव,” भागोजी म्हणाला आणि माती उन्हात पसरून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढं टेबल मांडलं. चांगदेवाला पाव्हणा म्हणून पुढं घोंगडीवर बसवलं. साहेबांनी आधी खाडीचं पाणी पेल्यात घेतलं आणि काळ्या बाटलीतले चार थेंब त्यात टाकले. पाण्याचं पांढरंफेक दूध झालं. लोकांनी ‘आ’ केला.

“दूध झालं तर खारी, पाणीच राहिलं तर गोड,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पहिली पिशवी उचलली. बाबाजीची. माती पाण्यात ढवळली, कागदातून गाळली, थेंब टाकले.

पाणी पाणीच राहिलं.

“गोड!”

भागोजी चमकला. बाबाजीचं शेत ऐन खांडाच्या तोंडाशी. तिथं भातापेक्षा खेकडे जास्त. मग बुधाजीची पिशवी. गोड. भिकूची, गोड. चौथी गोड, पाचवी गोड. आता भागोजीनं देवाला साकडं घातलं, माझी तरी खारी निघू दे. पण त्यानं काम मन लावून केलं होतं. त्याचं पाणी सगळ्यांत नितळ निघालं. सातवीही गोडच. सातही जण आपापल्या पायांच्या बोटांकडं बघत बसले. लाज वाटली तरी ती वाटून घ्यायला कुणी तयार नव्हता.

“इतकी निर्मळ माती अख्ख्या जिल्ह्यात पाहिली नाही,” साहेब खुशीत म्हणाले. “मग तुम्हाला बांध हवा कशाला?”

‘धुतली’ एवढा एक शब्द कुणी बोलला असता, तर बांध उभा राहिला असता. पण तो दुसऱ्यानं बोलावा, असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी सहा जणांनी भागोजीकडं पाहिलं. वयानं तोच मोठा.

“अवो, सांगा की खरं काय ते,” बायांच्यातून आवडाबाई कळवळून म्हणाली.

भागोजी उठला. त्यानं तोंड उघडलं. समोर चांगदेव कान देऊन ऐकत होता.

“साहेब, माती आमची गोडच हाय,” भागोजी म्हणाला. “खारट काय तो दर्या हाय.”

“दर्या आमच्या खात्याकडं येत नाही,” असं म्हणून साहेबांनी कागदावर ‘बांधाची गरज नाही’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि बाटल्या पेटीत भरल्या.

भागोजी हसतमुखानं चांगदेवाकडं वळला. “मग पाव्हणं, बोलणी करूया?”

चांगदेवानं घोंगडीवरून उठून धोतर झटकलं.

“कसली बोलणी? माती खारी हाय ती काय मला ठावी न्हाय व्हय? सरकार बांध घालणार, असं ऐकून पोर द्यायला आलो व्हतो.”