साकाईची सुरी

लेकीच्या नव्या संसाराला चांगली सुरी द्यावी म्हणून फुमिए लेक-जावयाला घेऊन साकाई शहरातल्या सुऱ्यांच्या जुन्या दुकानात आली होती.

म्हाताऱ्या दुकानदारानं दिलेली सुरी तिनं उजेडात धरली. लखलखीत पात्यात तिचा चेहरा दिसला. मागं उभी असलेली लेक चिझुरू दिसली. चिझुरूला खेटून उभा असलेला जावई मात्र दिसेना.

तिनं दुसरी सुरी मागितली. तिच्यातही तो नव्हता.

“आई, किती पारखून घ्याल?” रियोहेई हसत म्हणाला. “कुठलीही चालेल आम्हाला.”

“जरा पुढं या बघू, जावईबापू.”

“इथंच बरा आहे मी.” त्यानं चिझुरूचा हात हातात घेतला.

फुमिएनं पुन्हा पात्यात पाहिलं. चिझुरू हसत होती. तिचा तो हात कोपरापर्यंतच दिसत होता.